‘वेळ’ आणि ‘वेल’ : आमच्या धर्मग्रामाला (पॅरिशला) आणि शाळेला एक खुले पत्र

आदरणीय फादर, सिस्टर, आणि धर्मग्राम परिषदेच्या व शाळा समितीच्या सर्व सभासदांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या ३० नोव्हेंबरला, आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारी, देवळात साडेआठच्या मिस्सेला तुमच्यापैकी बरेच जण होते. पहिलं वाचन यशयाचं होतं. लोक आपल्या तलवारी मोडून त्यांचे फाळ करतील, असं त्यात संदेष्टा सांगतो. आपल्या मुलीने वाचलं, ‘तलवारी मोडून फल करतील.’ तलवारींना फळं धरली तर माझी काही हरकत नाही, म्हणून मी गप्प बसले. मग दुसऱ्या वाचनाला आठवीतला एक मुलगा उभा राहिला. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात संत पौल म्हणतो, झोपेतून उठायची वेळ आली आहे. मुलगा खणखणीत आवाजात म्हणाला, ‘झोपेतून उठायची वेल आली आहे.’

पानवेलींच्या आणि मोगऱ्याच्या वसईत वेल आली म्हटल्यावर कोण दचकणार म्हणा. माझ्या पुढच्या बाकावर लाल लुगड्यातल्या एक आजी बसल्या होत्या. त्या मागे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘टीचर, कसली वेल?’ त्यांच्याखेरीज कुणालाच काही खटकलं नाही. ‘हा प्रभूचा शब्द’ म्हणून मुलगा थांबला आणि आपण सगळ्यांनी एका सुरात ‘देवाला धन्यवाद’ म्हटलं. त्या धन्यवादाने मला हे पत्र लिहायला बसवलं.

मिस्सा सुटल्यावर त्या मुलाला मी सांक्रिस्तीच्या (वेदीजवळच्या तयारीच्या खोलीच्या) दारात गाठलं. रागवायला नव्हे, त्याने दोन दिवस पाठ करून वाचन केलं होतं. त्याने फोन दाखवला. धर्मग्रामाच्या ग्रुपवर शुक्रवारी आलेलं वाचन, अख्खं इंग्रजी अक्षरांत. तिथे ‘वेळ’ आणि ‘वेल’ एकच, ‘काळ’ आणि ‘काल’ एकच, ‘बाण’ आणि ‘बान’ एकच. त्याने काय करावं? ‘टीचर, मराठी अक्षरात दिलं तर मला वेळ लागतो,’ असं तो म्हणाला. इथे मात्र ‘ळ’ अगदी स्वच्छ आला. म्हणजे जिभेवर आहे, डोळ्यांत नाही. हा मुलगा घरी आजोबांशी कादोडी ही आपली वसईची बोली बोलतो, मैदानावर मराठीत भांडतो आणि मराठी विषयात त्याला ऐंशीच्या वर मार्क आहेत. एवढे मार्क कसे मिळतात, तेही त्यानेच सांगितलं: प्रश्नोत्तरं पाठ करतो, निबंध तीनच येतात.

मला ओळखत नसलेल्यांसाठी एवढंच सांगते, की मी आपल्याच शाळेच्या मराठी माध्यमात छत्तीस वर्षं शिकवलं. २०१५ ला निवृत्त झाले, तेव्हापासून वाचक गट बघते. दर शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनंतर, गायनवृंदाची तालीम माळ्यावर सुरू असताना, आम्ही खाली अर्धा तास बसतो. रविवारी वाचणारी मुलं येतात, वाचन दोनदा मोठ्याने म्हणतात. दहा वर्षांपूर्वी मी त्यांना कुठे थांबायचं, कुठला शब्द उचलायचा, ‘थेस्सलनीकाकरांस’ हा शब्द तीन घासांत कसा गिळायचा ते शिकवत होते. आता तो अर्धा तास अक्षरओळखीत जातो. नववीतल्या मुलीला ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ दाखवावे लागतात. मागे एकीने विचारलं, ‘ळ म्हणजे तोच ना, चष्म्यासारखा दिसतो तो?’ तेव्हापासून आमच्या गटात ‘ळ’ला चष्माच म्हणतात.

फादर, तुम्ही म्हणाल, एका चष्म्यासाठी टीचरने खुलं पत्र कशाला लिहायचं? कार्यालयात येऊन बोलली असती. बोलले होते. चहा मिळाला.

आपल्या धर्मग्रामाचा आठवडा कशावर चालतो, ते एकदा बघा. पहाटे सहाच्या मिस्सेला मोजकी माणसं असतात, कारण निम्म्या बायका फुलांच्या पाट्या घेऊन दादरची गाडी धरायला गेलेल्या असतात. ज्याच्या घरच्या मयताचं नाव त्या दिवशी इंटेन्शनमध्ये (ज्यांच्यासाठी मिस्सा होते त्या नावांत) असतं, ते घर मात्र आवर्जून येतं. ते नाव नीट उच्चारलं जावं एवढीच त्यांची अपेक्षा असते, आणि ते चुकलं की पुढची तीन वर्षं ऐकून घ्यावं लागतं. बुधवारी नोव्हेना, म्हणजे विनवण्यांची प्रार्थना. नोव्हेनेच्या पेटीतली पत्रं वेगळी लावून द्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. तेवढी वाचनीय गोष्ट साऱ्या गावात दुसरी नसेल. सासूच्या गुडघ्यासाठी विनवणी, विरार लोकलमध्ये हरवलेली पर्स मिळाली म्हणून आभार, दुबईचा व्हिसा, दहावीचं गणित, ‘नवऱ्याने पिणं सोडावं’ हे एकाच अक्षरात सलग अकरा बुधवार. बाराव्या बुधवारी पत्र आलं नाही. काय झालं असेल म्हणून मीच त्या आठवड्यात एक रोझरी (जपमाळ) जास्त म्हटली. ही सगळी पत्रं मराठीत असत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, पण बाई बोलतेय तशीच चिठ्ठीत उतरलेली. आता पेटीत तरुण मुलामुलींच्या चिठ्ठ्या फार थोड्या. ज्या असतात त्या दोन-दोन ओळींच्या, छापील प्रार्थनेतून उचललेल्या इंग्रजीत. त्यांना दुःखं नाहीत असं थोडंच आहे! ज्या भाषेत दुःख होतं ती लिहिता येत नाही, आणि जी लिहिता येते तिच्यात अजून रडता येत नाही.

शुक्रवारी आजाऱ्यांना प्रभुभोजन, उपवासकाळात क्रुसाची वाट, रविवारी श्रद्धाशिक्षणाचे वर्ग, मे महिन्यात वाडीवाडीच्या क्रुसापाशी प्रार्थना, ऑक्टोबरभर घरोघरी रोझरी. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या कामाबद्दल बोलायलाच हवं, कारण तिथे हा प्रश्न देवळाबाहेर पडतो. रविवारी दुपारी आमचे लोक गरजू घरांना भेटी देतात. त्या घरांत कागद असतात: रेशन कार्ड, सरकारी दवाखान्याचे केसपेपर, तलाठ्याची नोटीस, निराधार योजनेचा अर्ज. हे कागद वाचणारे आमचे सभासद साठीच्या पुढचे आहेत. मागच्या वर्षी युवक गटातली दोन हुशार मुलं सोबत आली. एक इंजिनिअर, एक बँकेत. त्यांच्यापुढे सातबारा ठेवला. ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिलंय ते दोघांनाही लागेना. फोनचा कॅमेरा धरून त्याचं इंग्रजी करून बघितलं, तर त्यातून जे आलं ते वाचून आम्ही सगळेच हसलो. नंतर मला हसल्याचं वाईट वाटलं. वसईत सातबारा वाचता न येणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायचं? ज्यांच्या वाडवडिलांनी बावखलाच्या (वाडीतल्या तळ्याच्या) पाण्यावर केळी आणि पानवेली जगवल्या, त्यांची नातवंडं उद्या जमिनीच्या कागदावर सही करताना दलालाला विचारणार, ‘यात काय लिहिलंय?’

आता थोडं मागचं.

मी लहान असताना मिस्सा लॅटिनमध्ये होती. फादर वेदीकडे तोंड करून उभे, आम्ही त्यांच्या पाठीकडे बघत. माझी आजी क्रुसापाशी लादिन (संतांच्या नावांची प्रार्थना) म्हणताना प्रत्येक संताच्या नावामागे ‘ओरा प्रो नोबीस’ म्हणायची, म्हणजे तिच्या तोंडी ‘ओरापनोबी’. मी तिला अर्थ विचारला, तर ती म्हणाली, ‘अर्थ देवाला कळतो, आपण म्हणायचं.’ ४ डिसेंबर १९६३ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली, आणि पुढच्या काही वर्षांत आपल्याकडे मराठी मिस्सा आली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. फादर लोकांकडे वळले आणि मराठीत बोलले, तेव्हा आजी थोडी नाराज झाली होती. देव एवढ्या जवळ आलेला तिला रुचला नसावा. पण महिन्याभरात ती घरी येऊन प्रवचनावर वाद घालू लागली. ‘त्या धाकट्या पोराला बापाने एवढं लाडावायला नको होतं,’ असं तिचं उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर ठाम मत होतं आणि मरेपर्यंत तिने ते बदललं नाही. लॅटिनमध्ये तिने असा वाद कधी घातला नसता.

आज तो आठवीतला मुलगा परक्या अक्षरांतून, अर्थ हाताला न लागता, नुसता आवाज काढतो. माझ्या आजीच्या ‘ओरापनोबी’पेक्षा हे वेगळं काय आहे? आजीला निदान शाळा नव्हती. याची शाळा देवळाच्या आवारातच आहे, मधे फक्त एक बदामाचं झाड.

शाळेबद्दल लिहिताना मला सांभाळून लिहायला हवं, कारण मी तिथलंच मीठ खाल्लंय. मराठी माध्यमाचा पट का घसरला हे मला माहीत आहे. एका वर्षी पहिलीची एक तुकडी गेली, मग दुसरी, मग संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) शिक्षक अतिरिक्त ठरले, काहींना लांबच्या शाळांत जावं लागलं. अनुदानित वर्गात फी नाही, तरी पालक येत नव्हते. शेजारच्या विनाअनुदानित इंग्रजी वर्गासाठी मात्र पहाटेपासून रांग. यात कुणी कट केला असं मी म्हणत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या रांगेत माझा मुलगाही होता. माझा नातू इंग्रजी माध्यमात जातो. त्या वेळी मी सुनेला काहीतरी बोलायला गेले होते, तेव्हा ती म्हणाली, ‘आई, तुम्ही शिकवायला होता म्हणून तुम्हाला सोपं वाटतं. याला उद्या नोकरी कोण देणार?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्यामुळे मराठी पहिली पुन्हा भरवा असा हट्ट धरायला मी हे पत्र लिहीत नाही.

मला खुपतंय ते गेल्या महिन्यातल्या सूचनेत. मिस्सेनंतर वाचून दाखवलेल्या त्या सूचनेत (ती इंग्रजीत होती, असो) असं म्हटलं होतं, की जूनपासून मराठी माध्यमाचे उरलेले वर्ग ‘टप्प्याटप्प्याने सामावून घेतले जातील’ आणि तळमजल्यावरच्या तीन खोल्या संगणक कक्षाला मिळतील. सामावून घेणं म्हणजे काय ते मी छत्तीस वर्षांत शिकले आहे. त्या वर्गांत आता कोण बसतं? वीटभट्टीवरच्या आणि वाड्यांवर मजुरी करणाऱ्यांची मुलं, पाड्यांवरून चालत येणारी वारली आणि कातकरी मुलं. एकाचाही बाप धर्मग्राम परिषदेवर नाही, त्यामुळे सभेत त्यांच्या बाजूने हात वर झाला नाही यात नवल नाही. सातवी-आठवीतल्या या मुलांना अचानक इंग्रजी वर्गात बसवलं तर ती दिवाळीपर्यंत टिकतील आणि मग दिसेनाशी होतील. आपल्या मिशनऱ्यांनी आणि धर्मभगिनींनी या भागात शाळा काढल्या त्या अशाच मुलांसाठी. आता दाराशी रांग आहे म्हणून रांगेबाहेरच्याला विसरायचं, हे कुठल्या शुभवर्तमानात बसतं ते मला एकदा प्रवचनात समजावून सांगा. मी पहिल्या बाकावर बसेन.

एक गंमत सांगते. माझ्या वाचक गटात सगळ्यात स्वच्छ वाचणारी मुलगी याच वर्गांतली आहे. तिची आई आवार झाडते. या मुलीला गुरुवारच्या आराधनेत एकदा वाचायला उभी केली, तर कोपऱ्यातल्या बाकांपर्यंत शब्द पोचत होते, माईक बंद पडला होता तरी.

इंग्रजी मिस्सेबद्दल माझी तक्रार आहे असं कुणी समजू नये. नव्या इमारतींत गोव्याची, मंगळूरची, केरळची कुटुंबं राहायला आली आहेत, त्यांना त्यांची मिस्सा हवीच. मला प्रश्न पडतो तो आपल्याच, इथल्या मूळच्या कुपारी आणि वाडवळ समाजांच्या घरांतल्या मुलांचा, जी साडेआठला येतात, आणि मराठी ऐकून समजते पण वाचता येत नाही म्हणून पुस्तिकाच उघडत नाहीत.

नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आपण फटाके वाजवले होते. ख्रिस्ती धर्मगुरूला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा आपण बॅनर लावले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठी अभिजात ठरली, आपण शाळेत कार्यक्रम केला, आणि दर कार्यक्रमात असतो तसा तिथेही फादर स्टीफन्सचा उल्लेख झाला: एका इंग्रज माणसाने १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराणा’तल्या ओवीत मराठीची थोरवी गायली वगैरे. त्या ओवीत यमक कशावर जुळलंय हे कुणी पाहिलंय का? रत्नकिळा, निळा, चोखळा. सगळा चष्म्याचा खेळ! ती ओवी आपल्या ग्रुपवर टाकली, तर इंग्रजी अक्षरांत ती ‘चोखला’ होईल, आणि चोखला म्हटल्यावर मुलांना आंबा आठवेल.

२०२० मध्येच राज्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. आपल्या इंग्रजी माध्यमात मराठीचा तास आहे, वेळापत्रकात तो लिहिलेलाही आहे. पण क्रीडा दिनाची परेड, वार्षिकोत्सवाचा नाच, गणिताचा जादा तास, हे सगळं कुठल्या तासाला होतं ते कुठल्याही मुलाला विचारा. शिक्षिकांचा दोष नाही. शेवटचा तास, साठ मुलं, आणि ‘मराठी काय, येतंच’ ही घराघरातली समजूत. येतं हे खरंय. बोलता येतं.

तर माझं म्हणणं असं. मराठी माध्यमात आज जी मुलं आहेत, त्यांना याच शाळेत, याच भाषेत दहावीपर्यंत जाऊ द्या. पट कमी आहे, शिक्षक कमी पडतील हे मला कळतं. आम्ही निवृत्त झालेल्या चौघीजणी गावातच आहोत आणि आम्हाला मानधन नको. संगणक कक्ष हवाच, पण तो वरच्या रिकाम्या हॉलमध्ये करा. तो हॉल सध्या फक्त लग्नाच्या खुर्च्या ठेवायच्या कामी येतो. धर्मग्राम कार्यालयातून वाचनं पाठवताना ती देवनागरीत पाठवा. ग्रुपवर टाइप करायला त्रास होत असेल तर वाचनाच्या पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून टाका, तेवढ्याने चालेल. आणि पहिल्या प्रभुभोजनाच्या तयारीला येणाऱ्या मुलांना प्रार्थना पाठ आहेत की नाही हे आपण विचारतो, तसंच एकदा समोर पुस्तक ठेवून चार ओळी वाचायला लावा. सिस्टर, मराठीचा तास परेडला देऊ नका, एवढी विनंती तुमच्याकडे स्वतंत्रपणे करते. तुम्ही माझ्याच हाताखाली मुळाक्षरं गिरवलीत, म्हणून हक्काने.

शनिवारचा माझा अर्धा तास आता पुरत नाही. मला शनिवारी चार ते साडेपाच तळमजल्यावरची पहिलीची खोली हवी आहे, छोट्या बाकांची. मोठी मुलं त्यात मावत नाहीत, पण तिथल्या भिंतीवर मुळाक्षरांची ओळ अजून रंगवलेली आहे, ती उपयोगी पडेल. रंग द्यायला माणसं बोलावलीच असतील तर ती भिंत तेवढी शेवटी घ्यायला सांगा.

येत्या २४ मे रोजी पेन्टेकॉस्टचा, प्रेषितांवर पवित्र आत्मा उतरल्याचा सण आहे. त्या दिवशीचं पहिलं वाचन प्रेषितांच्या कृत्यांतलं, वर्षातलं सगळ्यात अवघड. पार्थी, मेदी, एलामी, कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुलिया अशी नावांची माळच आहे, आणि या सगळ्या देशांच्या लोकांना प्रेषितांचं बोलणं आपापल्या भाषेत ऐकू आलं, असं तिथे लिहिलंय. इतकी वर्षं ते वाचन मी कुणातरी मोठ्या माणसाला देत आले. या वेळी ‘वेल आली’वाल्या मुलाला द्यायचं ठरवलंय. त्याच्या जोडीला झाडणाऱ्या बाईंची मुलगी असेल. तो अडला तर तिने पुढे न्यायचं, असं दोघांचं ठरलं आहे. त्याने पुस्तकातूनच वाचायचं कबूल केलंय, फोन माझ्या पिशवीत राहील.

तयारीला दोन महिने तरी हवेत. खोलीची चावी शिपाईमामांकडे असते, ती मला द्यायला तुम्ही सांगितलंत की मी येत्या शनिवारपासून सुरुवात करते. खडू माझ्याकडे आहेत.

आपली नम्र,
वाचक गटाची टीचर